अक्षर क्षर कोणी केले?

'अक्षर' म्हणजे जे झिजत नाही, नाश पावत नाही ते. लिपीतील चिन्हाला हे नाव मिळाले तेव्हा लिहिण्याची साधने मोठी दुबळी होती. भूर्जपत्र, ताडपत्र आणि पुढे आलेला कागद यांपैकी एकही वाळवी, पाणी आणि आग यांच्यापुढे टिकणारे नव्हते. पण एका प्रतीवरून दुसरी प्रत उतरवून घेता येत असे आणि त्यासाठी बोरू करणाऱ्याची किंवा शाई विकणाऱ्याची परवानगी लागत नसे. म्हणून ते नाव खोटे ठरले नाही. आजही ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील कित्येक जुन्या घराण्यांच्या दप्तरांत दोनशे वर्षांपूर्वीचे मोडी कागद आहेत आणि मोडी शिकलेला मनुष्य ते वाचू शकतो. याच घराण्यांतील मंडळींनी सुमारे १९९५ ते २००५ या काळात हौसेने संगणकावर जुळवून घेतलेले कुलवृत्तांत, संस्थांचे अहवाल, ग्रंथालयांच्या याद्या आणि सुवर्णमहोत्सवी विशेषांक यांच्या फायली मात्र अनेक ठिकाणी उघडत नाहीत; आणि उघडल्या तर पडद्यावर मराठीऐवजी इंग्रजी मुळाक्षरांची खिचडी दिसते. दोनशे वर्षांचा कागद वाचता यावा आणि पंचवीस वर्षांची फाइल वाचता येऊ नये, ही उलटी गंगा काळाने वाहविलेली नाही. ती यंत्रे आणि आज्ञावल्या विकणाऱ्यांनी आपल्या सोयीसाठी वाहविली. प्रस्तुत लेखाचा रोख त्या सोयीवर आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. संगणकाविषयी तक्रार करणाऱ्या मनुष्याला आपल्याकडे त्याच्या वयाकडे बोट दाखवून गप्प बसविले जाते. नातू प्रेमाने म्हणतो, "आजोबा, तुम्ही राहू द्या, मी करून देतो." इंदूरचा दुकानदार म्हणतो, "अंकल, अब नया ही ले लीजिए," आणि बडोद्याचा म्हणतो, "काका, नवुं लई लो." ज्येष्ठ मंडळीही सौजन्याने सगळा दोष आपल्याच शिरावर घेतात आणि 'आम्हां जुन्या माणसांना यातले काही कळत नाही' असे म्हणून मोकळी होतात. हे सौजन्य अस्थानी आहे. ज्यांनी बँकेच्या खतावण्या तीस-तीस वर्षे पैची चूक न करता सांभाळल्या, ज्यांनी रेमिंग्टनच्या टंकलेखनयंत्रावर डोळे मिटून बोटे चालविली, ज्यांनी घरात मराठी, बाजारात गुजराती, कन्नड वा तेलुगू आणि कचेरीत हिंदी वा इंग्रजी असा व्यवहार जन्मभर लीलया केला, त्यांना एक बटण कोठे आहे हे कळू नये असे संभवत नाही. बटण काल जेथे होते तेथे आज नाही, हे खरे कारण आहे.

याचा पुरावा खुद्द कंपन्यांनीच दिलेला आहे. मायक्रोसॉफ्टने १९९५ साली पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात 'स्टार्ट' हे बटण बसविले. सतरा वर्षे जगभरची माणसे तेथे बोट नेण्यास सरावली. २०१२ साली विंडोज ८ या आवृत्तीत ते बटण काढून टाकण्यात आले. ओरड इतकी झाली की वर्षभरातच, २०१३ साली, ८.१ या आवृत्तीत ते परत आणावे लागले. पुढे २०२१ साली आलेल्या विंडोज ११ मध्ये तेच बटण डावीकडून उचलून मध्यभागी नेऊन ठेवले. या हलवाहलवीमुळे पत्र लिहिण्याच्या, हिशेब करण्याच्या किंवा लेख जुळविण्याच्या कामात काडीचा फरक पडला नाही. घरमालकाने दर दोन-तीन वर्षांनी भाडेकरूच्या स्वयंपाकघरातील चूल, पाटावरवंटा आणि मिठाची बरणी यांच्या जागा न विचारता बदलाव्यात आणि वर 'हे अधिक सोपे आहे' असे सांगावे, तसा हा प्रकार आहे. अशा घरात चाचपडणाऱ्या गृहिणीला आपण वेंधळी म्हणणार नाही.

'भाडेकरू' हा शब्द मी जाणूनबुजून योजला आहे. संगणकाची कार्यप्रणाली, म्हणजे जिला इंग्रजीत ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात ती, आपण पैसे मोजून घेतो, पण ती आपल्या मालकीची होत नाही. करारनाम्यात स्पष्ट लिहिलेले असते की ही आज्ञावली विकलेली नसून वापरण्याचा परवाना दिलेला आहे. तो करारनामा कोणी वाचत नाही आणि वाचून 'मान्य नाही' म्हणणाऱ्याला त्यातली एक ओळही बदलून मिळत नाही. मालकी नसल्याचे परिणाम मग रोज अनुभवास येतात. कार्यकारिणीची सभा सुरू व्हायला पाच मिनिटे असताना यंत्र आपल्या मनाने 'अपडेट' घ्यावयास बसते आणि 'संगणक बंद करू नका' असा हुकूम पडद्यावर झळकतो. नवी आवृत्ती आली की सुस्थितीत असलेला जुना प्रिंटर ओळख विसरतो. एक पासवर्ड विसरला तर दुसऱ्या खात्यावर संकेतांक जातो, आणि त्या खात्याचा पासवर्ड तिसरीकडे नोंदलेला असतो. यांतील प्रत्येक त्रास क्षुल्लक आहे, हे मान्य. पण शंभर क्षुल्लक त्रासांची बेरीज मनुष्याला एकच धडा शिकविते, की हे यंत्र तुझे नाही आणि याच्यापुढे तुझे काही चालायचे नाही. तक्रार न करण्याची सवय अशी अंगी मुरते आणि या सवयीवरच पुढचा मोठा व्यवहार उभा राहतो.

तो मोठा व्यवहार म्हणजे यंत्राच्या मरणाची तारीख ठरविण्याचा अधिकार. विंडोज एक्सपी २००१ साली आली. तिची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबविण्यात आली. २००९ साली आलेल्या विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी थांबली. विंडोज १० ही २०१५ साली आली तेव्हा कंपनीच्याच एका अधिकाऱ्याने ही विंडोजची अखेरची आवृत्ती असल्याचे जाहीर व्यासपीठावरून सांगितले होते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचीही सर्वसाधारण देखभाल संपली. व्यक्तिगत ग्राहकांसाठी कंपनीने वर्षभराची मुदतवाढ जाहीर केली, ही गोष्ट खरी. पण मुदतवाढ म्हणजे मुक्तता नव्हे. देखभाल संपली तरी संगणक चालू राहतो, मात्र सुरक्षेतील नवी भोके बुजविणारी ठिगळे मिळेनाशी होतात आणि बँकेचा व्यवहार अशा यंत्रावर करणे जोखमीचे ठरते. 'मग विंडोज ११ घ्या' म्हणावे, तर तिच्यासाठी टी. पी. एम. २.० नावाची सुरक्षा-चिप आणि कंपनीच्या यादीतील प्रोसेसर आवश्यक. साधारणपणे २०१७ पूर्वीचे बहुतेक प्रोसेसर त्या यादीत नाहीत. यंत्र धडधाकट आहे, कळफलकाची एकही कळ सैल झालेली नाही, वर्गणीदारांची यादी आणि चार लेख यांचे ओझे ते सहज वाहते. तरी ते मृत घोषित होते, कारण त्याचे नाव यादीत नाही.

आपली पिढी कल्हईवाल्याच्या हाकेवर वाढलेली आहे. पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली म्हणून कोणी भांडे फेकून दिले नाही. आजीचे शिवणयंत्र नातीने वापरले, घड्याळाची तबकडी तीच ठेवून आतली स्प्रिंग बदलली. या वृत्तीला कोणी कंजूषपणा म्हणेल. मी तिला वस्तूशी राखलेले इमान म्हणतो. नव्या उपकरणांनी या इमानाला जागाच ठेवलेली नाही. भ्रमणध्वनीची बॅटरी पूर्वी नखाने उघडून बदलता येई. आता ती आत चिकटवून बंद केलेली असते. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपल कंपनीने कबूल केले की जुन्या आयफोनची बॅटरी थकली की फोनचा वेग कमी करणारी व्यवस्था आपण अपडेटमधून आणली आहे. फोन अचानक बंद पडू नये म्हणून असे केले, असा तिचा खुलासा होता. पण फोन मंदावल्याचे कारण बॅटरी आहे, ती बदलली तर फोन पुन्हा पळू लागेल, हे ग्राहकाला वेळेवर सांगितले गेले नव्हते. फ्रान्समध्ये २०२० साली याबद्दल कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड झाला. आपल्याकडे ज्यांनी त्या काळात फोन बदलले त्यांना 'जुना झाला' एवढेच उत्तर मिळाले होते.

येथवरचा त्रास साऱ्या जगाचा आहे. आता खास आपला त्रास पाहू, कारण बाहेरच्या प्रांतात राहणाऱ्या मराठी माणसाची हानी येथून पुढे सुरू होते.

भारतीय लिपींसाठी एक समाईक सांकेतिक व्यवस्था असावी, हा विचार आपल्याकडे उशिरा सुचला असे नाही. 'इस्की' या नावाने ओळखली जाणारी संहिता भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली प्रमाण म्हणून स्वीकारली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, तिच्यात देवनागरी होती आणि तिची मांडणी इस्कीच्याच आधीच्या रूपावर बेतलेली होती. म्हणजे १९९१ सालीच 'क' हा 'क' म्हणून साठविण्याची वाट आखलेली होती. प्रत्यक्ष बाजारात मात्र दुसरेच घडले. मुद्रणासाठी सर्वत्र वापरली जाणारी पेजमेकरसारखी आज्ञावली देवनागरीचा संकेत जाणत नव्हती. तेव्हा फाँट विकणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठीची चित्रे बसविली. कृतिदेव फाँटात 'राम' हा शब्द उमटतो तेव्हा संगणकाच्या पोटात 'जे', 'के', 'ई' ही तीन इंग्रजी अक्षरे साठलेली असतात. र च्या जागी जे, कान्याच्या जागी के, म च्या जागी ई. कागदावर राम दिसतो, पण यंत्राच्या लेखी तेथे राम नाही. शिवाजी, श्रीलिपी, आकृती अशा प्रत्येक फाँटाची घरे वेगळी. एकात जुळविलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की बडबडगीत होते. ऱ्हस्व वेलांटी छपाईत अक्षराच्या आधी दिसते म्हणून या पद्धतीत ती आधीच साठविली जाई. परिणामी शब्दांची अकारविल्हे यादी लावावी म्हटले तर यंत्र ती इंग्रजी संकेतांच्या क्रमाने लावी. ग्रंथालयाची सूची संगणकावर चढविली आणि 'अ' पासून 'ज्ञ' पर्यंतचा क्रमच हरवला, हा अनुभव अनेक ग्रंथपालांना आठवत असेल.

या पद्धतीत आणखी एक कुलूप होते, आणि ते अक्षरशः कुलूप होते. त्या काळच्या अनेक मराठी आज्ञावल्यांबरोबर संगणकाच्या मागे लावण्याची 'डाँगल' नावाची डबी येई. ती लावल्याशिवाय आज्ञावली चालत नसे. पुढे संगणकांना ती डबी लावण्याचे भोकच उरले नाही. फ्लॉपीचे खण गेले. सोनी कंपनीने २०११ साली फ्लॉपी बनविणेही थांबविले. पेजमेकरची अखेरची आवृत्ती २००१ साली निघाली आणि तिलाही युनिकोड येत नव्हते. म्हणजे ज्याने रीतसर पैसे भरून आज्ञावली घेतली, पावती जपून ठेवली, डबीही सांभाळली, त्याच्या हाती आज कुलूप आहे, किल्लीही आहे, पण दार भिंतीत बुजविलेले आहे.

मुंबई-पुण्यातील प्रकाशनसंस्थेच्या दृष्टीने ही अडचण आहे. आपल्या दृष्टीने ही हानी आहे. तेथे पुस्तकाच्या हजारो प्रती निघतात, त्या अनेक ग्रंथालयांत पोहोचतात आणि फाइल गेली तरी ग्रंथ राहतो. बेळगाव, हैदराबाद, इंदूर किंवा बडोदे येथील एखाद्या मंडळाचा विशेषांक तीनशे-चारशे प्रतींचा. त्यात कोणी आपल्या पेठेचा इतिहास लिहिलेला असतो, कोणी संस्थानी काळातील शाळेच्या आठवणी सांगितलेल्या असतात, कोणी घरात बोलल्या जाणाऱ्या आणि स्थानिक भाषेशी मिसळून गेलेल्या मराठीचे शब्द गोळा केलेले असतात. हे लेखन दुसरीकडे कोठेही छापले जात नाही. आपली नातवंडे गुजराती, हिंदी, कन्नड वा इंग्रजी माध्यमांत शिकतात. त्यांच्यापर्यंत आजोबांची मराठी पोहोचविणारी वाट ती एवढीच. वि. का. राजवाड्यांनी गावोगाव फिरून जुन्या घराण्यांची दप्तरे धुंडाळली आणि १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' चा पहिला खंड काढला. माळ्यावरच्या पेटीतला कागद त्यांची वाट पाहत थांबू शकला. उद्याच्या राजवाड्याच्या हाती आपल्या माळ्यावरून जर फ्लॉप्यांचा डबा लागला, तर त्याच्या चिकाटीचा काय उपयोग होणार आहे?

'आता युनिकोड आले, प्रश्न सुटला,' असे उत्तर तरुण मंडळी देतात. प्रश्न पुष्कळसा सुटला, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. विंडोज २००० पासून देवनागरी कार्यप्रणालीतच आली. तिच्याबरोबरचा 'मंगल' हा फाँट र. कृ. जोशी यांच्यासारख्या जाणत्या अक्षररचनाकाराने घडविला होता. पण उपकार म्हणून वाढलेल्या ताटात वाढपी नेमके काय विसरतो ते पाहण्यासारखे आहे. विंडोज एक्सपीत देवनागरी आपोआप मिळत नसे. सेटिंगमध्ये खूण करून मूळ सी. डी. घालून ती बसवून घ्यावी लागे, आणि दुकानदाराने ती सी. डी. बहुधा दिलेलीच नसे. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. तोपर्यंत मराठी माणसाने कोठे 'अ' वर चंद्र चढवून, तर कोठे 'ए' वर चंद्र देऊन वेळ निभावली. म्हणून 'ॲड' लिहिण्याच्या आज तीन रीती फायलींत नांदतात आणि एका रीतीने शोधले तर दुसऱ्या रीतीने लिहिलेले सापडेलच याची खात्री नाही.

'ऱ्य' ची कथा तर शिकविण्याजोगी आहे. 'आचार्यांना दक्षिणा दिली' आणि 'आचाऱ्यांना दक्षिणा दिली' या दोन वाक्यांत विद्वान आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे. रफार आणि अर्धा र हा भेद मराठीला प्राणासारखा जपावा लागतो. हिंदीला त्याची गरज नाही. हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एकात नुक्त्याच्या ऱ चा पाय मोडतात. दुसऱ्यात साध्या र चा पाय मोडून त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह घालतात. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते दोन निराळे शब्द आहेत. त्यामुळे सूचीत 'दऱ्या' शोधणाऱ्यास निम्म्या दऱ्या मिळतात आणि निम्म्या मिळत नाहीत. यात कोणाचा दुष्टपणा नाही, हे खरे. पण एवढ्या वर्षांत शोधाच्या खिडकीमागे दोन्ही रूपे एक मानण्याची साधी तजवीज सर्वत्र होऊ नये, यात आपली किंमत दिसून येते. मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' यांचीही तीच गत. देवनागरी म्हणजे हिंदी, असे धरून चालणाऱ्या यंत्रांवर आपल्या मुलांची अक्षरओळख होत आहे.

आणि केवळ मराठीच नव्हे. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगूतील 'ज्ञा' हे जोडाक्षर संदेशात आले की आयफोनमधील आज्ञावल्या बंद पडत असत. कंपनीला घाईने दुरुस्ती काढावी लागली. कोट्यवधी लोक बोलतात त्या भाषेत 'ज्ञान' हा शब्द ज्या अक्षराने सुरू होतो, त्याच अक्षराने जगातील महागड्या फोनची शुद्ध हरपावी! हैदराबादच्या वाचकांना हे अधिक सांगायला नको. इंग्रजीतील एखाद्या अक्षराने असे घडले असते, तर तो फोन बाजारात येण्यापूर्वीच कोणाच्या तरी ध्यानात आले असते.

तंत्राच्या अपुरेपणापायी भाषेने अंग चोरून घ्यावे, ही आपल्याला नवी गोष्ट नाही. १६१६ साली गोव्यात छापलेले फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठी असूनही रोमन लिपीत निघाले, कारण देवनागरी खिळे हाताशी नव्हते. तेव्हा ती अगतिकता होती. आज खिळे आहेत, संकेत आहेत, कळफलक आहेत, तरीही घराघरांतून 'कसा आहेस' हे वाक्य रोमन अक्षरांत लिहिले जाते. याचा दोष मुलांना देणे सोपे आहे. पण ज्या फोनवर मराठी कळफलक शोधण्यासाठी चार पडद्यांच्या आत शिरावे लागते आणि इंग्रजी मात्र हात जोडून उभी असते, त्या फोनने मुलाला काय शिकविले, हेही पाहिले पाहिजे.

काही आक्षेपांचा विचार करू. पहिला असा की, नवेपणाशिवाय प्रगती नाही आणि जुन्या आवृत्त्या अनंत काळ सांभाळणे कोणत्याही कंपनीला परवडणार नाही. मान्य. अनंत काळ सांभाळा, असे कोणीच म्हणत नाही. सांभाळणे जमत नसेल तर त्या आज्ञावलीचे व फाँटाचे नकाशे उघडे करून जा, म्हणजे दुसरा कोणी सांभाळील, एवढीच मागणी आहे. गाव सोडून जाणाऱ्याने विहिरीवर कुलूप घालून जाऊ नये. दुसरा आक्षेप सुरक्षेचा. चोरांपासून रक्षणासाठी नवी चिप हवी, असे सांगतात. असेलही. पण रक्षणाच्या प्रत्येक उपायाचा शेवट नव्या खरेदीत व्हावा, तेव्हा पहारेकरी आणि दुकानदार एकच आहेत की काय, अशी शंका घेणे गैर नाही. तिसरा आक्षेप, सगळे आता 'क्लाऊड'वर ठेवा म्हणजे काळजी मिटली. जिओसिटीज हे घर २००९ साली बंद झाले, ऑर्कुट २०१४ साली, याहू ग्रुप्स २०२० साली. यांतील प्रत्येक ठिकाणी मराठी माणसांनी लिहिले होते. दुसऱ्याच्या माळ्यावर ठेवलेली पेटी त्याने घर विकले की रस्त्यावर येते.

या निराशेत एक गोष्ट मोठी मौजेची आहे. ज्या विशेषांकाची फाइल वाचता येत नाही, त्याची छापील प्रत घरात असेल तर ती स्कॅन करून यंत्राकडून मराठी मजकूर बऱ्यापैकी शुद्ध काढून घेता येतो. म्हणजे संगणकाच्या विसराळूपणावर उतारा म्हणून आपल्याला पुन्हा कागदाकडेच जावे लागते. मोडी लिपीलाही २०१४ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले, ते मोडीचे कागद टिकले होते म्हणून.

तेव्हा संस्थांनी काय करावे, ते स्पष्ट सांगतो. मुद्रकाकडून अंक करून घेताना छापील प्रतींबरोबर युनिकोडमधील साधा मजकूरही लेखी अटीने मागून घ्यावा. न दिल्यास देयक चुकते करू नये. त्या मजकुराच्या दोन प्रती दोन गावी ठेवाव्यात. बडोद्याची इंदुरास, इंदूरची बेळगावास, बेळगावची गोव्यात. चांगल्या कागदावरील दोन छापील प्रती बांधून कपाटात ठेवाव्यात आणि त्या वाचनासाठी देऊ नयेत. जुन्या फाँटांतील फायलींची रूपांतरे आताच करून घ्यावीत. त्यासाठी रूपांतरक आज्ञावल्या मिळतात, पण जोडाक्षरांवर आणि वेलांट्यांवर त्या ठेचकाळतात. शेजारी मराठी शुद्ध जाणणारा मनुष्य बसलेला लागतो. असे मनुष्य आज आपल्या मंडळांत आहेत. दहा वर्षांनी किती असतील, याचा विचार सभासदांनी स्वतःच करावा. 'मृत' ठरविलेल्या संगणकावर लिनक्सची एखादी मोफत कार्यप्रणाली बसवून पाहावी. मजकूर टंकित करण्यास आणि सूची ठेवण्यास ती पुरते, आणि यादीत नाव नसल्याबद्दल ती यंत्राला हाकलून देत नाही.

आणि तक्रार करावी, लेखी करावी. युरोपीय संघाने कायदा केला म्हणून डिसेंबर २०२४ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या नव्या भ्रमणध्वनींना एकाच जातीचा चार्जर चालू लागला. कुरकुर करणाऱ्यांनीही ते मुकाट्याने करून दाखविले. आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ उघडले आहे. तेथे आणि कंपन्यांकडे प्रत्येक मंडळाच्या ठरावानिशी पत्र गेले पाहिजे: बंद केलेल्या फाँटांचे नकाशे उघडे करा, शोधात दोन्ही 'ऱ्य' एक माना, चालू यंत्राला तारखेने मारू नका. महाराष्ट्र शासनाचा आदेश आपल्या गावात चालत नाही आणि आपल्या राज्याच्या सरकारला मराठीची निकड वाटेलच असे नाही. म्हणून हे पत्र दुसरा कोणी लिहील, या भरवशावर राहता येणार नाही.

आपल्या पूर्वजांनी मुलूख सोडला तेव्हा घरे, शेते, देवळे मागे राहिली. बरोबर आली ती भाषा आणि दप्तरे. ती दप्तरे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळताना त्यांनी कोणाकडे परवाना मागितला नाही. आपल्या पिढीच्या दप्तराची किल्ली एखाद्या कंपनीच्या खिशात राहावी आणि तिने ठरविलेल्या तारखेला ते दप्तर मिटावे, हे सोसण्याचे कारण नाही. येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर इतर विषयांआधी हा एक विषय घ्यावा: संस्थेच्या जुन्या फायली कोठे आहेत, कोणत्या फाँटात आहेत, आणि त्या वाचून दाखवू शकेल असा मनुष्य आज कोण आहे.